ऊन पाण्यांतील जंतु आणि जालन्याची सरकी

“जालना, सोने का पालना” ही म्हण मराठवाड्यांत फार दिवस चालत आलेली आहे. जुन्या व्यापारी पेठेच्या वैभवाला अनुलक्षून ती बोलली जाई. पुढें १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं ह्या शहरीं महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यांतली ‘महिको’, स्थापन केली. आणि तेव्हांपासून ह्या पाळण्यांत सोन्याच्या जोडीला बियाणेंहि वाढूं लागलें. बारवाले यांचा आरंभ भेंडीच्या ‘पुसा सावनी’ ह्या वाणापासून झाला होता. मागाहून ज्वारी, बाजरी, कापूस असा व्याप वाढत गेला, आणि १९९८ सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कुंडलिका नदीच्या कांठचें हें शहर संकरित बियाण्यांचें देशांतील एक प्रमुख केंद्र झालें, तें ह्या एका उद्योगाच्या मागोमाग.

ह्या बियाण्याची पारख करण्याचें एक साधन असें आहे कीं, त्याचें नांव २०२० सालच्या साथीपर्यंत प्रयोगशाळेबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. त्या सालीं मात्र ‘आर. टी. पी. सी. आर.’ हीं अक्षरें लहान मुलांच्याहि तोंडीं बसलीं. नाकांत काडी घालून घेतलेल्या नमुन्यांत रोगाचा विषाणु आहे किंवा नाहीं, हें ज्या क्रियेनें ठरत असे, तीच क्रिया सरकीच्या दाण्याचें कुळ ठरविण्यास त्यापूर्वीं कित्येक वर्षें वापरली जात होती. घरांतला माणूस आणि शेतांतला कापूस ह्या दोहोंची परीक्षा करणारें हें साधन मुळांत एका य:कश्चित् जंतूचें आहे; आणि तो जंतु राहतो हात पोळेल अशा ऊन पाण्यांत.

परंतु आधीं सरकीची अडचण काय, तें पाहिलें पाहिजे. सरकीचे दोन दाणे तळहातावर घ्यावे. एक दाणा खऱ्या संकराचा, दुसरा केवळ मातृवाणाचा. रंग, आकार, वजन, कशांतहि फरक नाहीं. चाळीस वर्षें कापूस पिकविलेला मनुष्यहि डोळ्यांनीं निवाडा करूं शकणार नाहीं. कापसाचा संकर हा हातानें घडवावा लागतो. बीजोत्पादनाच्या शेतांत मादी वाणाच्या आणि नर वाणाच्या ओळी वेगळ्या लावतात. दुसऱ्या दिवशीं सकाळीं जी कळी उमलणार, ती आदल्या दिवशीं दुपारनंतर हेरावयाची, पाकळ्या उकलून आंतील पुंकेसर एकूणएक काढून टाकावयाचे, आणि सकाळीं नर वाणाचें फूल आणून त्याचा पराग तिच्या स्त्रीकेसरावर घासावयाचा. एक कळी, मग दुसरी कळी, असें हंगामभर चालतें. आणि ह्या कामावर बहुतांशीं बायकांचे हात राबतात. उन्हांत वांकून चाललेल्या ह्या कामांत एखाद्या कळींत दोनचार पुंकेसर राहून गेले, तर तें फूल आपल्याच परागानें फळतें आणि त्या बोंडांतील सगळी सरकी संकराची न होतां मातृवाणाची होते. पिशवींत ती इतर सरकींत मिसळली कीं संपलें; तिला वेगळी काढण्याचा उपाय नाहीं.

मृगाचा पाऊस झाला कीं शेतकरी ती सरकी लावतो. रान नांगरून, खत टाकून, कर्ज काढून तो मोकळा झालेला असतो. बियाणें भलतेंच निघालें, तर तें त्याला कळतें पातीं-फुलें धरण्याच्या वेळीं, म्हणजे श्रावण-भाद्रपदांत. तेव्हां दुबार पेरणीची वेळ गेलेली असते. कोरडवाहू मुलखांत वर्षाला पीक एकच, आणि तें गेलें म्हणजे वर्ष गेलें.

ह्यासाठीं बीजपरीक्षेची जुनी रीत अशी होती, आणि आजहि ती सोडलेली नाहीं, कीं प्रत्येक ढिगांतील नमुना आधीं शेतांत लावून पाहावयाचा. झाडें वाढूं द्यावयाचीं, पानें-फुलें न्याहाळावयाचीं, आणि शेंकडा किती झाडें अस्सल आहेत तें मोजावयाचें. कापसाच्या संकरांत हें प्रमाण शेंकडा ९० तरी असावें, असा भारतीय बीज-प्रमाणीकरणाचा दंडक आहे. रीत चोख आहे, परंतु संथ आहे. सरकी हिवाळ्यांत हातीं येते आणि मे महिन्याच्या अखेरीस ती दुकानांत असावी लागते. मध्यंतरीं कपाशीचें एक पीक फुलापर्यंत वाढवून पाहणें म्हणजे घोडें गंगेंत न्हाऊन परत येईतों मुहूर्त टळण्यासारखें आहे. झाड वाढण्याची वाट न पाहतां, कोंवळ्या रोपाच्या एका पानावरूनच त्याचे आईबाप कोण हें ठरवितां आलें तर? पानांत तें लिहिलेलें असतेंच. प्रश्न इतकाच कीं तें वाचावयाचें कसें.

जिवंत प्राण्याच्या अगर वनस्पतीच्या प्रत्येक पेशींत डी. एन्. ए. नांवाच्या द्रव्याचे लांबच लांब धागे असतात. प्रत्येक धागा दुपदरी असून पिळलेल्या शिडीसारखा दिसतो. शिडीच्या पायऱ्या चार प्रकारच्या घटकांच्या जोड्यांनीं बनलेल्या असतात. त्या घटकांना ए, टी, जी, सी अशीं अक्षरें दिलेलीं आहेत. ए समोर टी आणि जी समोर सी, हा नियम ठाम आहे. त्यामुळें एक पदर हातीं असला कीं दुसरा कसा असणार तें निश्चित सांगतां येतें. वंशाचें सारें लिखाण ह्या चार अक्षरांत आहे. कापसाच्या एका पेशींतील हें लिखाण दोनशें कोटींहून अधिक अक्षरांचें आहे, आणि परीक्षकाला हवा असतो त्यांतील केवळ दोनतीनशें अक्षरांचा तुकडा. एवढ्या पसाऱ्यांतून तो वेंचून काढणें अशक्यप्राय. पण त्या एवढ्याच तुकड्याच्या कोट्यवधि प्रती काढतां आल्या, तर बाकीचा पसारा आपोआप नगण्य ठरतो. कणगींत हरवलेला मोहरीचा दाणा शोधण्यापेक्षां मोहरीनेंच कणगी भरून टाकावी, अशांतली ही युक्ति आहे.

ह्या युक्तीचीं मूलतत्त्वें फार अवघड नाहींत. डी. एन्. ए. चें द्रावण ९४-९५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें कीं शिडीचे दोन पदर सुटे होतात. मग द्रावण पन्नास-साठ अंशांपर्यंत निववावयाचें. त्यांत आधींच टाकून ठेवलेले, सुमारें वीस अक्षरांचे, प्रयोगशाळेंत बनविलेले दोन लहान तुकडे असतात. हवा असलेला मजकूर जेथें सुरू होतो आणि जेथें संपतो, तेथें ते नेमके जाऊन चिकटतात, कारण त्यांचीं अक्षरें त्या जागेशींच जुळतात. त्यानंतर पॉलिमरेज नांवाचें विकर त्या तुकड्यापासून पुढें एकेक अक्षर जोडीत जातें आणि सुट्या पदरासमोर नवा पदर विणून काढतें. विकर म्हणजे जिवंत शरीरांत रासायनिक क्रिया घडवून आणणारें प्रथिन. पहिलें आवर्तन झालें, एकाचे दोन झाले. पुन्हां तापवावें, पुन्हां निववावें, दोहोंचे चार.

दोन बाजूंनीं दोन तुकडे लावून डी. एन्. ए. ची पुन्हां पुन्हां प्रत काढण्याची कल्पना हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेंतून १९७१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत सूचित झाली होती. तिचा प्रत्यक्ष पाठपुरावा मात्र १९८३ सालीं कॅलिफोर्नियांतील सीटस ह्या कंपनींतले कॅरी मुलिस यांनीं केला. रात्रीं मोटार हांकीत असतां ही सांखळी-क्रिया त्यांना सुचली, असें ते सांगत. दुपटीच्या हिशेबाचें सामर्थ्य त्यांच्या ध्यानीं आलें, हें त्यांचें खरें श्रेय. तो हिशेब आपल्याकडे बुद्धिबळाच्या पटाच्या गोष्टींतून लहानपणींच कानांवर पडतो: पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, आणि राजाचीं कोठारें रितीं होतात. दहा आवर्तनांत एका तुकड्याच्या १,०२४ प्रती होतात, विसांत १०,४८,५७६, आणि तिसांत १,०७,३७,४१,८२४, म्हणजे एकशें सात कोटींहून अधिक. प्रत्यक्षांत प्रत्येक वेळीं अगदीं दुप्पट होत नाहीं हें खरें, तरी दोनतीन तासांत रितसर मोजतां येईल इतका माल हातीं येतो.

अडचण निराळ्याच ठिकाणीं होती. ही विणकाम करणारी विकरें सर्व जीवांत असतात, आणि मुलिस यांच्या वेळीं मनुष्याच्या आंतड्यांत राहणाऱ्या ई. कोलाय ह्या जंतूचें विकर वापरीत. तो जंतु ३७ अंशांत सुखानें राहणारा. पदर सुटे करण्यासाठीं द्रावण ९५ अंशांवर नेलें कीं त्याच्या विकराची अवस्था उकडलेल्या अंड्यासारखी होई. अंड्यांतील पांढरा भाग एकदां थिजला कीं कितीहि निववा, तो पुन्हां पातळ होत नाहीं. प्रथिनाची घडी एकदां मोडली कीं तें निकामी झालें. म्हणून प्रत्येक आवर्तनानंतर नळी उघडून नवें विकर घालावें लागे. तीस आवर्तनें म्हणजे तीस वेळां विकर, आणि तेंहि महाग. शिवाय तें ३७ अंशांवरच काम करणार. इतक्या निवलेल्या द्रावणांत ते लहान तुकडे नको त्या जागींहि चिकटून बसत, आणि हव्या असलेल्या प्रतीबरोबर पुष्कळ केरकचरा निघे. अशाहि स्थितींत १९८५ सालीं ह्या रीतीनें सिकल-सेल ह्या रक्तरोगाचें निदान करून दाखविण्यांत आलें. विदर्भांतील आणि नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबांना हा रोग चांगला परिचयाचा आहे. परंतु नित्याच्या कामाला ही रीत परवडण्यासारखी नव्हती.

उपाय वीस वर्षें आधींच सांपडून ठेवलेला होता, आणि सांपडविणाराला त्याची कल्पनाहि नव्हती. अमेरिकेंत यलोस्टोन नांवाचें विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान आहे; तेथें जागोजाग उकळत्या पाण्याचे झरे आणि फवारे आहेत. इंडियाना विद्यापीठांतील थॉमस ब्रॉक ह्या प्राध्यापकांना, पाणी जसजसें ऊन होत जातें तसतसे त्यांतले जीव कसे बदलतात, एवढेंच पाहावयाचें होतें. इतक्या कढत पाण्यांत जीव फारसे असणार नाहींत, अशी त्या काळीं बहुतेकांची समजूत. ब्रॉक यांना मात्र तेथें जंतूंचे गुलाबी तंतू लोंबतांना दिसले. १९६६ सालीं त्यांनीं आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनीं तेथील ‘मश्रूम स्प्रिंग’ ह्या झऱ्यांतून सत्तर अंशांच्या पाण्यांत उत्तम वाढणारा एक जंतु वेगळा काढला. त्यांनीं त्याला ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ असें नांव दिलें, १९६९ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्याचें बीं जंतूंच्या सार्वजनिक संग्रहालयांत ठेवून दिलें. कोणीहि मागावें आणि न्यावें. १९७६ सालीं सिनसिनाटी विद्यापीठांतील अ‍ॅलिस चीन ह्या विद्यार्थिनीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं त्या जंतूचें पॉलिमरेज शुद्ध स्वरूपांत काढलें आणि तें ऐंशी अंशांवर सर्वांत जोमानें काम करतें असें नोंदविलें. ही नोंदहि कांहीं वर्षें तशीच पडून राहिली. सीटसमधील मंडळींनीं तें विकर आपल्या नळींत घालून पाहिलें, आणि रँडल साइकी व त्यांचे सहकारी यांनीं १९८८ सालीं त्याचे परिणाम जाहीर केले. जंतूच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून त्या विकराला ‘टॅक’ म्हणतात.

टॅक ९५ अंशांवरहि नाश पावत नाहीं. त्या उष्णतेंत त्याचें बळ निम्मेंवर येण्यास सुमारें चाळीस मिनिटें लागतात, आणि प्रत्येक आवर्तनांत इतका ताप त्याला अर्धा-एक मिनिटच सोसावा लागतो. आरंभीं एकदां घातलें कीं तीस आवर्तनें निभावून नेतें. नळी मध्येंच उघडावयास नको. एवढ्यामुळें सारें काम एका लहानशा यंत्राकडे सोंपवितां आलें. तें यंत्र फक्त तापवितें आणि निववितें. विणकाम ७२ अंशांवर होऊं लागल्यानें चुकीच्या जागीं चिकटण्याचा दोषहि पुष्कळ कमी झाला. साइकी यांच्या निबंधांत ह्या दुसऱ्या लाभालाहि पहिल्याइतकेंच महत्त्व दिलेलें आहे, पण सामान्य वर्णनांत तो बहुधा राहून जातो.

हें विकर आटत कसें नाहीं? त्याची सांखळी ८३२ दुव्यांची आहे, आणि दुवे त्याच वीस प्रकारच्या अ‍ॅमिनो आम्लांचे, जे आपल्या अंगांतील प्रथिनांत असतात. निराळें असें द्रव्य त्यांत कांहींएक नाहीं. फरक घडींत आहे: आंतील भाग घट्ट बसलेला, विरुद्ध विद्युत्-भारांच्या जोड्यांनीं जागजागीं टांके घातलेले, सैल टोकें कमी. ह्या गुणाचा उपयोग त्याच्या निर्मितींतहि मोठ्या खुबीनें करून घेतलेला आहे. आज टॅक मिळविण्यास कोणी ऊन पाण्याच्या झऱ्याकडे जात नाहीं. त्याचें जनुक, म्हणजे तें विकर कसें बनवावें हें सांगणारा वंशलेखांतील भाग, १९८९ सालीं त्याच ई. कोलायच्या अंगीं उतरविण्यांत आलें. आतां तो जंतु ३७ अंशांत वाढवितात, फोडतात, आणि त्याचा रस ७५ अंशांवर तापवितात. ई. कोलायचीं स्वतःचीं बहुतेक प्रथिनें त्या उष्णतेनें नासलेल्या दुधासारखीं फाटून खालीं बसतात. टॅक वरच्या निवळींत शिल्लक राहतें. जो ताप इतरांना मारतो, तोच त्याला शुद्ध करतो.

आतां जालन्याच्या बीजपरीक्षेकडे वळण्यास हरकत नाहीं. कपाशीच्या रोपाचें कोंवळें पान कुटून त्यांतून डी. एन्. ए. काढणें हेंच पहिलें दिव्य. कपाशीच्या पानांत तुरट आणि बुळबुळीत द्रव्यें पुष्कळ असतात, तीं डी. एन्. ए. बरोबर उतरलीं, तर टॅकचें काम तेथेंच अडतें. ९५ अंशांना न डगमगणारें हें विकर पानांतल्या तुरटपणापुढें हात टेकतें. त्यामुळें नळींत कांहींच निघालें नाहीं, ह्याचे अर्थ दोन होतात: शोधलेला मजकूर त्यांत नाहीं, किंवा विकरच चाललें नाहीं. शहाणा परीक्षक म्हणून त्याच नमुन्यांत कापसाच्या प्रत्येक झाडांत असणारच अशा एका जनुकाच्याहि प्रती काढून पाहतो. तें जनुक दिसलें, तरच दुसऱ्याच्या अभावावर विश्वास ठेवावयाचा. उलट बाजूचा धोकाहि तितकाच मोठा आहे. एकाचे शंभर कोटी करणारी क्रिया शेजारच्या नमुन्यांतून उडालेल्या कणाचेहि शंभर कोटी करते. म्हणून नमुने तयार करण्याची खोली वेगळी आणि प्रती हाताळण्याची वेगळी ठेवतात. आणि प्रत्येक खेपेस एक नळी नुसत्या पाण्याची चालवितात. त्या कोऱ्या नळींत कांहीं उमटलें, तर त्या दिवसाचें सगळें काम रद्द.

प्रती निघाल्यावर समुद्रांतील शेवाळापासून केलेल्या अगरोजच्या वडींत त्या घालून विजेचा प्रवाह सोडतात. आंखूड तुकडे लवकर पुढें सरकतात, लांब तुकडे मागें राहतात, आणि रंगद्रव्य लावून विशिष्ट प्रकाशांत पाहिलें असतां त्यांच्या रेघा दिसतात. संकराची ओळख येथें पटते. मातृवाणाची रेघ एका जागीं, पितृवाणाची दुसऱ्या जागीं, अशी मजकुराची जागा आधींच निवडून ठेवलेली असते. खऱ्या संकरांत दोन्ही रेघा उमटतात. ज्या कळींत पुंकेसर राहून गेले होते, तिच्या सरकींत एकच रेघ, आईची. शेतांत महिने लागत, तो निवाडा प्रयोगशाळेंत थोड्या दिवसांत होतो.

बी. टी. कापूस आल्यापासून ह्या परीक्षेला आणखी एक काम लागलें. बॅसिलस थुरिंजिएन्सिस ह्या मातींतील जंतूचें एक जनुक कापसांत घातलेलें असतें. त्याच्या योगानें झाडांत जें प्रथिन तयार होतें तें बोंडअळीच्या पोटांत गेलें कीं ती मरते. महिकोनें मोन्सँटो ह्या अमेरिकन कंपनीकडून असें बियाणें १९९६ सालीं आणलें, देशी उपयोगाच्या वाणांत तें जनुक संकरानें उतरविलें, आणि २६ मार्च २००२ रोजीं केंद्र सरकारच्या समितीनें तीन संकरांना लागवडीची परवानगी दिली. दोन जनुकें असलेला कापूस २००६ सालीं मंजूर झाला. येथें तीन जंतूंची मोठी मौजेची संगत जमलेली दिसते: एका जंतूचें जनुक कापसांत आहे किंवा नाहीं हें दुसऱ्या जंतूच्या विकरानें पाहावयाचें, आणि तें विकर तिसऱ्या जंतूच्या पोटीं जन्मास घालावयाचें.

परवानगी मिळण्यापूर्वींच, २००१ सालीं, गुजरातेंत ‘नवभारत १५१’ ह्या नांवानें विकलेल्या कपाशींत तेंच जनुक आढळलें आणि मोठा गहजब झाला. पुढें तणनाशक सोसणाऱ्या, मंजुरी नसलेल्या कपाशीचा प्रश्न आला. जून २०१९ मध्यें अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें शेतकरी संघटनेच्या लोकांनीं ती उघडपणें लावली. अशा वादांत पान वाटून त्यांत कागदी पट्टी बुडविण्याची एक सोपी परीक्षा करतात. दहापंधरा मिनिटांत रेघ येते आणि अमुक प्रथिन आहे एवढें कळतें. बांधावर ती पुरेशी आहे. परंतु जनुक कापसाच्या धाग्यांत नेमकें कोणत्या जागीं शिरलें आहे, म्हणजे तें कोणत्या मुळापासून आलें, हें विचारावयाचें असेल, तर जोडाच्या जागचा मजकूरच वाचावा लागतो. आणि तो टॅकवांचून वाचतां येत नाहीं.

मुलिस यांना १९९३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. सीटसनें ह्या रीतीचे हक्क १९९१ सालीं हॉफमन-ला रॉश ह्या कंपनीला तीस कोटी डॉलरांस विकले. झरा ज्या उद्यानांतला, त्याला ह्यांतील एक पैहि मिळाली नाहीं, आणि ब्रॉक यांनीं तर कांहीं मागितलेंहि नव्हतें. ही गोष्ट आपल्याला दूरची वाटण्याचें कारण नाहीं. जालन्याच्या पूर्वेस, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यांत, पैनगंगेच्या परिसरांत उनकेश्वर येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. कातडीचे विकार बरे होतात ह्या श्रद्धेनें लोक तेथें स्नानास जातात. त्या पाण्यांतील जंतूंच्या वंशलेखांचें वाचन करून महाराष्ट्रांतील संशोधकांनीं २०१६ सालीं तें प्रसिद्ध केलें आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत उद्योगोपयोगी सूक्ष्मजंतूंचा संग्रहहि आहे. आणि २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानें अशा जीवांपासून होणाऱ्या लाभांत मूळ ठिकाणच्या लोकांना वांटा मिळण्याची तरतूद केलेली आहे. यलोस्टोनच्या बाबतींत जें राहून गेलें, तें येथें निदान कागदावर तरी लिहून ठेवलेलें आहे.

टॅकच्या अंगींहि एक वैगुण्य आहे. तें आपलें लिखाण परत वाचून पाहत नाहीं; लाख अक्षरांत एखाददुसरी, कधीं त्याहून अधिक चुका तें करून जातें. होय किंवा नाहीं एवढेंच विचारणाऱ्या परीक्षेंत त्यानें बिघडत नाहीं. जेथें अक्षर अन् अक्षर बिनचूक हवें, तेथें इटलींतील व्हल्कानो बेटाजवळच्या समुद्रांत मिळालेल्या, शंभर अंशांत वाढणाऱ्या पायरोकॉकस ह्या दुसऱ्या सूक्ष्मजीवाचें विकर वापरतात. तें चुकलेलें अक्षर काढून पुन्हां घालतें.

परीक्षेची मर्यादा ह्याहून निराळी आहे, आणि ती मराठवाड्यानें प्रत्यक्ष भोगलेली आहे. गुजरातेंतील कांहीं जिल्ह्यांत शेंदरी बोंडअळी एका जनुकाच्या कापसाला जुमानीत नाहीं, असें २०१० सालीं जाहीर झालें. पुढील कांहीं वर्षांत ती दोन जनुकांनाहि पुरून उरूं लागली, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ-मराठवाड्यांतील कपाशीचीं बोंडें तिनें पोखरून काढलीं. त्या शेतांतलीं अस्सल बियाण्याचीं पानें प्रयोगशाळेंत आणलीं असतीं, तर दोन्ही रेघा स्वच्छ उमटल्या असत्या. जनुक होतें, बियाणें खरें होतें. बदललेली होती ती अळी, आणि अळीविषयीं त्या नळीला कोणी कांहीं विचारलें नव्हतें. बियाण्याच्या पाकिटाबरोबर बिगर बी. टी. सरकीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी देत. ती शेताच्या कडेनें लावली असतां साध्या अळ्यांची वस्ती टिकते आणि निगरगट्ट अळ्यांचा वंश लवकर वाढत नाहीं, असा त्यांतला हेतु. पुष्कळांनीं ती पुडी लावलीच नाहीं. आधींच थोड्या असलेल्या रानांतील एक पट्टा अळीला सोडून द्यावयाचा, हें पोटाला पटणें कठीण. आतां कृषि विद्यापीठांचे सल्ले निराळ्या कामांवर भर देतात: शेतांत कामगंध सापळे लावून पतंग मोजावे, डोमकळ्या दिसतांच खुडून नष्ट कराव्या, आणि डिसेंबर-जानेवारींत शेवटची वेंचणी झाली कीं पऱ्हाट्या उपटून रान मोकळें करावें, दोन वेंचण्या जास्त मिळतील म्हणून फरदड ठेवूं नये, कारण पुढच्या हंगामाची अळी तिच्यावरच जगते.